कॅबिनेट तयार झाले, आता हवा कुठून येणार?

घरी व्हिडिओ गेमचे आर्केड कॅबिनेट, म्हणजे पार्लरमधल्या यंत्रासारखी उभी लाकडी पेटी, बांधून झाले, रंग झाला, बाजूंवर चित्रे चिकटवून झाली आणि खेळही सुरू झाला. पण तासाभराने वरच्या, खेळाच्या नावाच्या पाटीजवळ हात लावला तर लाकूड गरम लागते आणि खेळ मध्येच अडखळतो. अशा तयार आर्केड कॅबिनेटला आता पंखा बसवता येईल का, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवलेले बरे. पंखा बसवता येतो, आणि तोही दर्शनी भागाला धक्का न लावता. मात्र विचारणाऱ्यांचे सगळे लक्ष पंख्यावर असते : तो केवढा घ्यावा, किती वेगाचा घ्यावा, एक पुरेल की दोन. मी आधी विचारतो ते हे, की हवा आत कुठून येणार? खालून वाट नसेल तर वर बसवलेला पंखा नुसता गरगरत राहतो, हवा जागची हलत नाही.

मुळात ही अडचण घरगुती कॅबिनेटांचीच अधिक आहे. व्हिडिओ गेम पार्लरसाठी कारखान्यात तयार होणाऱ्या जुन्या यंत्रांत काचेची जड पिक्चर ट्यूब असे आणि यंत्र दिवसभर चालू राहत असे. म्हणून पाठीमागच्या दाराला वरच्या बाजूस झरोके आणि खालच्या बाजूस फटी आधीच ठेवलेल्या असत. कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', ज्याला आपल्याकडे सगळे 'मुस्तफा' म्हणून ओळखतात, तो मी ज्या पार्लरमध्ये खेळलो तिथल्या यंत्राची पाठ तर मालकाने सरळ उघडीच ठेवली होती. घरी बनवताना आपण त्या यंत्राचा आकार उचलतो, बाजूंची वळणे उचलतो आणि पाठ मात्र कपाटाची करतो. त्यात काम फर्निचरच्या सुताराकडून करून घेतले असेल तर विचारायलाच नको. फट राहणे हा त्याला कमीपणा वाटतो आणि तो सगळे इतके घट्ट बसवून देतो की आत मुंगीही शिरू नये.

करवत हातात घेण्यापूर्वी आत उष्णता किती तयार होते याचा अंदाज घ्यावा, कारण अनेकांना कापाकापीची गरजच नसते. रास्पबेरी पाय ४ सारखा छोटा संगणक दहा वॉटच्या आतच राहतो, चोवीस इंची एलईडी मॉनिटर वीस-तीस वॉट घेतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर व पाटीमागची एलईडी पट्टी धरली तरी सगळे मिळून पन्नास वॉटच्या आसपास भरते. पिक्चर ट्यूबवाल्या कॅबिनेटसाठी शंभर वॉटच्या पुढे धरावे. ग्राफिक्स कार्ड असलेला पूर्ण पीसी आत ठेवला असेल तर आकडा दोनशे-तीनशेवरही जाऊ शकतो. आता हवेचा हिशेब पाहा. शंभर वॉट उष्णता बाहेर न्यायची आणि आतली हवा खोलीपेक्षा दहा अंशांहून अधिक तापू द्यायची नाही, तर सेकंदाला साधारण आठ लिटर हवा वाहती हवी. संगणकात असतो तसा १२० मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्यावर सेकंदाला वीस-पंचवीस लिटर हवा ढकलतो. जाळी, कोपरे आणि वायरींचे जंजाळ यांत त्यातली निम्मी गेली असे धरले तरी काम भागते. म्हणजे मोठा पीसी सोडला तर एक पंखा पुरतो. चार-चार पंखे लावलेली कॅबिनेटे मी पाहिली आहेत. त्यांत आवाजच जास्त असतो.

अंदाजापेक्षा मोजमाप केव्हाही चांगले. वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला स्वस्त डिजिटल थर्मामीटर, जो लोक फ्रिजमध्ये ठेवतात, तो घ्यावा आणि त्याचे टोक आत, वरच्या फळीच्या खाली चार बोटे लोंबत सोडावे. पाठ नेहमीसारखी बंद करावी, दोन तास खेळावे आणि आतला आकडा व खोलीतला आकडा शेजारी-शेजारी लिहावा. फरक सात-आठ अंशांचा असेल तर माझे मत असे की कॅबिनेटला हात लावू नये. पंधराच्या पुढे असेल तर वाट करून द्यायलाच हवी. मधल्या पट्ट्यात तुम्ही कोणत्या गावात राहता हे महत्त्वाचे ठरते, कारण पंखा आतली हवा खोलीइतकी थंड करण्याचा प्रयत्न करतो, खोलीपेक्षा थंड तो कधीच करू शकत नाही. पुण्यात जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना पंधरा अंशांची वाढ कुणाला जाणवतही नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात कूलरशिवायची खोली चाळिशीला पोचलेली असते, तिथे तीच वाढ आतली हवा ५५ अंशांवर नेते. रास्पबेरी पाय ४ ची चिप ८० अंशांच्या पुढे गेली की ती स्वतःहून आपला वेग कमी करते, आणि खेळ अडखळतो तो बहुधा याच कारणाने. वीजपुरवठ्याच्या आणि मॉनिटरच्या बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचे नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही : त्यांच्याबाबतीत ढोबळ नियम असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते.

वाट करायची ठरली की सुरुवात खालून करावी. १२० मिलिमीटरच्या पंख्याला लागणारे गोल भोक सुमारे ११५ मिलिमीटर व्यासाचे असते. मधला मोटरचा गड्डा वगळला तर हवा जायला नव्वद चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते. तळाशी निदान तेवढी मोकळी जागा हवी, आणि तिच्यावर जाळी बसणार असल्यामुळे प्रत्यक्ष भोक त्याहून मोठे हवे. बारीक जाळीच्या तारांनीच चाळीस टक्के जागा अडवली असे धरले तर ३० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर उंच अशी एक आडवी खाच बरोबर हिशेबात बसते. ही खाच पाठीच्या फळीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवावी. अगदी जमिनीलगत ठेवली तर झाडू मारताना उडालेला सगळा केर आत ओढला जातो. कॅबिनेट चाकांवर किंवा बुशांवर उचललेले असेल तर तळाच्या फळीतही खाच घेता येते, आणि ती कुणाला कधीच दिसत नाही. खालची खाच आणि वरचा पंखा मात्र जवळजवळ ठेवू नयेत. आत येणारी हवा तापलेल्या वस्तूंना न भेटताच सरळ पंख्यातून निघून गेली तर सगळा खटाटोप फुकट जातो. शक्य असेल तर खाच डावीकडे आणि पंखा उजवीकडे असा तिरका मार्ग द्यावा आणि संगणक किंवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) त्या मार्गात ठेवावा.

वरचे भोक पाठीच्या फळीतच घ्यावे, छतात नाही, असा माझा आग्रह आहे. छतातले भोक हवेच्या दृष्टीने उत्तम असते, पण घरातल्या माणसांच्या दृष्टीने कॅबिनेटचे छत हे एक टेबल असते. त्यावर कुणीतरी फुलदाणी, वर्तमानपत्र, नाहीतर पाण्याचा तांब्या ठेवणारच. पाठीची फळी निवडण्याचे दुसरे कारण त्याहून मोठे आहे. संपूर्ण कॅबिनेटमध्ये तीच एक फळी अशी असते की जी चार स्क्रू काढले की हातात येते, अंगणात नेऊन कापता येते आणि बिघडली तर नवी करून लावता येते. बाजूच्या फळ्यांवरची चित्रे, टी-मोल्डिंग (कडेची प्लास्टिकची पट्टी) आणि सनमायका यांना हातही लावावा लागत नाही. आतल्या आत, सगळे सामान जागेवर असताना भोक पाडण्याचा मोह आवरावा, कारण एमडीएफचा (लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळीचा) भुसा पिठासारखा बारीक असतो आणि तो अ‍ॅम्प्लिफायरपासून जॉयस्टिकच्या मायक्रोस्विचपर्यंत सगळीकडे जाऊन बसतो. तो नाकातोंडात जाणेही चांगले नाही, म्हणून मास्क बांधूनच कापावे.

फळीला सनमायका असेल तर भोकाच्या रेघेवर कागदी चिकटपट्टी लावावी, होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) आधी एका बाजूने निम्म्यापर्यंत आणि मग फळी उलटून दुसऱ्या बाजूने चालवावा. तसे केले की टवके उडत नाहीत. जिगसॉनेही काम होते, आणि वर जाळी किंवा ग्रिल बसणार असल्याने कड थोडी वाकडी आली तरी कुणाला कळत नाही. पंख्याच्या चार स्क्रूंची भोके एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर येतात. मोजत बसण्यापेक्षा पंख्याची ग्रिलच फळीवर ठेवून पेन्सिलीने खुणा कराव्यात. कापल्यावर कड पॉलिश पेपरने घासावी आणि तिला प्रायमरचा किंवा पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात द्यावा. एमडीएफची उघडी कड पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, आणि कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

जाळी ही शोभेची वस्तू समजू नये. उबदार, अंधारी आणि कुणी न उघडणारी पेटी म्हणजे झुरळांचे आणि पालींचे आवडते घर. पाल एसएमपीएसच्या उघड्या टर्मिनलवर चढली तर तीही जाते आणि सप्लायही जातो. खालच्या खाचेला आतून स्टीलची बारीक जाळी स्टेपल करावी, आणि धुळीचा त्रास असेल तर तिच्यावर धुता येण्याजोगा फोमचा पातळ तुकडा लावावा.

आता भिंतीविषयी. कॅबिनेटची पाठ भिंतीला टेकलेली असेल तर मागचे कोणतेही भोक नसल्यातच जमा आहे. निदान दहा सेंटिमीटर अंतर हवे, आणि ते कायम राहावे यासाठी पाठीच्या चार कोपऱ्यांत तेवढ्या जाडीचे लाकडी गुटके ठोकून टाकावेत. मग फरशी पुसणाऱ्याने कितीही मागे रेटले तरी अंतर तसेच राहते.

सगळे बसवून पाठ बंद केली की माझी तपासणी उदबत्तीने होते. खोलीतला पंखा बंद करावा, कॅबिनेटचा पंखा चालू करावा आणि पेटवलेली उदबत्ती खालच्या खाचेपासून वीतभर दूर धरावी. सरळ वर जाणारी धुराची रेघ खाचेकडे वाकून आत शिरताना स्पष्ट दिसली पाहिजे आणि काही क्षणांनी वरच्या ग्रिलसमोर वास आला पाहिजे. मग तीच उदबत्ती समोरच्या बटणांजवळ, कॉइन डोअरच्या (नाणी टाकायच्या दाराच्या) फटीजवळ आणि मॉनिटरच्या चौकटीच्या कडेने फिरवावी. तिथेही धूर जोरात आत खेचला जात असेल तर खालची खाच अपुरी आहे. पंख्याला हवी तेवढी हवा तिथून मिळत नाही, म्हणून तो ती मिळेल त्या भोकातून ओढतो आणि तिच्याबरोबर धूळ बटणांत आणि काचेच्या आतल्या बाजूला आणून सोडतो. अशा वेळी पंखा बदलू नये, खाच वाढवावी.

आवाजाची तक्रार मात्र खरी असते. पातळ प्लायवर थेट स्क्रूने आवळलेला पंखा त्या फळीला ढोलाच्या पानासारखे घुमवतो. रबरी वॉशर घातले की निम्मा त्रास जातो आणि उरलेला वेग कमी केल्याने जातो : १२ व्होल्टचा पंखा बहुधा ७ व्होल्टवरही बिनतक्रार फिरतो आणि जवळजवळ ऐकू येत नाही. मोठा पंखा सावकाश फिरवणे हे लहान पंखा वेगाने फिरवण्यापेक्षा केव्हाही शांत. वीज एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या तारेवरून घ्यावी. जामा (आर्केड यंत्रांतल्या जोडणीची प्रमाण पद्धत) पद्धतीच्या आर्केड सप्लायमध्ये आणि पीसीच्या सप्लायमध्ये, दोन्हीकडे ती असते. रास्पबेरी पायवाल्यांनी ५ व्होल्टचा यूएसबी पंखा वेगळ्या चार्जरवर लावावा, पायच्या पिनांवर मोठ्या पंख्याचा भार टाकू नये. पंखा उलटा बसू नये म्हणून एवढेच पाहावे की ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या आणि लेबल असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ४० किंवा ४५ अंशांना चालू होणारा थर्मल स्विच तारेत घातला की हिवाळ्यात पंखा बहुतेक वेळ बंदच राहतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र तो स्विच कायम चालूच राहील, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग कमी.

ज्यांच्या कॅबिनेटमध्ये अजून खरी पिक्चर ट्यूब आहे त्यांनी पाठ उघडण्यापूर्वी थांबावे. ट्यूबच्या अ‍ॅनोडवर वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो भार काही काळ शिल्लक राहू शकतो. ट्यूब डिस्चार्ज करणे ज्याला येते अशा टीव्ही मेकॅनिकला बोलावून मगच आत हात घालावा. पंखाही ट्यूबच्या मानेपासून लांब ठेवावा, नाहीतर त्याच्या मोटरच्या चुंबकामुळे चित्र थरथरू लागते.

टेबलावर ठेवायच्या छोट्या कॅबिनेटवाल्यांना यातले फार थोडे लागू होते. त्यांनी खाली दोन सेंटिमीटरचे रबरी बुश लावावेत, तळात आणि पाठीच्या वरच्या कडेला एकेक जाळीची खाच घ्यावी आणि रास्पबेरी पायवर अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) चिकटवून पुन्हा थर्मामीटर पाहावा. आत रास्पबेरी पाय आणि लहान मॉनिटर एवढेच असेल तर पंखा विकत घेण्याची वेळ सहसा येत नाही.