नुसतं 'फॉरेन बॉडी' लिहू नका ना
आज दिवसभर फॉरेन बॉडीच्याच (म्हणजे शरीरात अडकलेल्या बाहेरच्या वस्तूंच्या) फाइल्स कोड करत होते, म्हणजे पेशंटच्या नोंदींना ठरलेले मेडिकल कोड देत होते. डोळा टी१५, कान टी१६, श्वासमार्ग टी१७, अन्नमार्ग टी१८, हे एव्हाना पाठच झालंय, पण लहान मुलाच्या अन्ननलिकेत बटन सेल (छोटी चपटी बॅटरी) अडकलेली केस आली की हात थांबतोच, कारण नाणं असेल तर कधीकधी थोडी वाट बघता येते पण सेल मात्र दोन तासांत आतून जाळायला लागतो. आणि नुसत्या टी१८.१ (अन्ननलिकेतली फॉरेन बॉडी) वरून नाणं होतं की सेल ते कळतच नाही!! ऑक्टोबर २०२३ पासून आयसीडी-१०-सीएममध्ये (अमेरिकेत वापरतात त्या मेडिकल कोडच्या यादीत) डब्ल्यू४४ चे, म्हणजे आत गेलेली वस्तू कोणती ते सांगणारे, कोड आलेत, बटन सेलला वेगळा डब्ल्यू४४.ए१, फार गरजेचं होतं हे. डॉक्टर मंडळी, नोटमध्ये वस्तू कोणती होती ते लिहाच प्लीज.