दोनशे पौंडांची चड्डी

लंडनला सोहोत ब्रुअर स्ट्रीटवर राफाचं, म्हणजे सायकलिंगचे महागडे कपडे बनवणाऱ्या कंपनीचं, दुकान आहे, पण दुकान म्हणायचं नाही बरं का, क्लबहाऊस म्हणायचं. आत कॉफी मिळते, टीव्हीवर रेस लावलेली असते, आणि कॉफी पिता पिता बाजूच्या जर्सीचा टॅग उलटून बघितला की ठसकाच लागतो. वरच्या रेंजची बिब, म्हणजे खांद्यावरून पट्टे असलेली सायकलची चड्डी, दोनशे पौंडांच्या आसपास. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "चड्डीला वीस-बावीस हजार? त्यात सोनं आहे का रे?" आणि आत दुसरं काही घालायचं नसतं हे कळल्यावर तर तिने विषयच बदलला.

पण चड्डी चांगली आहे हो, तिथेच तर घोळ आहे. वाईट असती तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. चार तास सीटवर बसलं की सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर येतो आणि तिथली शिवण जरा इकडेतिकडे असली तर दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खुर्चीत बसवत नाही. पूर्वी त्या जागी खरं कातडं लावायचे, धुतलं की कडक व्हायचं, मग क्रीम चोळून मऊ करायचं. आता पॅड असतो, कुठे जाड कुठे पातळ. राफाचा पॅड मस्तच आहे, पण डेकॅथलॉनची त्याच्या निम्म्याहून कमी किमतीची बिब घालून पण मी लंडनजवळच्या सरेच्या टेकड्यांवर दिवसभर फिरलोय आणि काहीही झालेलं नाही. म्हणजे बुडाचं काम तेवढ्यात भागतं. मग वरचे पैसे कशाचे?

वरचे पैसे गोष्टीचे. सायमन मॉट्रम नावाच्या माणसाने 2004 मध्ये कंपनी काढली, तो मूळचा ब्रँडिंगवाला, हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. नाव घेतलं जुन्या सेंट राफाएल या सायकल रेसिंगच्या टीमवरून, जी टीम एका फ्रेंच दारूच्या नावाने पळायची. मग ब्लॅक अँड व्हाइट फोटो, धुकं, घाट, चिखलाने माखलेले चेहरे, आणि टॅगलाइन काय तर 'ग्लोरी थ्रू सफरिंग', म्हणजे हाल सोसून मिळणारं वैभव. आता जुन्या काळात सफरिंग कोणाचं होतं? इटलीचा जुना सायकलपटू फाउस्तो कोप्पी पोरवयात खाटकाच्या दुकानातला माल सायकलवरून पोचवायचा, पुढे 1949 ला जिरो द'इटालिया आणि टूर द फ्रान्स या दोन्ही मोठ्या रेस जिंकला. ही गरिबाघरच्या पोरांची रेस होती, पोटासाठी पळायचे. आणि ते हाल आता छान पॅक करून बँकेतल्या मॅनेजरला विकायचे, ज्याचं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे रविवारी पाऊस आला. (मी बँकेत नाही, आयटीत आहे, फार फरक नाही.)

आणि 2017 ला कंपनी विकत कोणी घेतली, तर वॉलमार्टच्या वॉल्टन घराण्यातल्या दोघांनी. स्वस्त मालाच्या पैशातून महाग माल! त्यानंतर बरीच वर्षं कंपनी तोट्यात चाललीये, हेही गंमतीचंच.

तरी मी घेतली. जुन्या पद्धतीची जर्सी, डाव्या दंडावर राफाची खूण असलेला पांढरा पट्टा, आत शिवलेल्या लेबलवर रेसिंगचा एक किस्सा छापलेला, जो घालणाऱ्याशिवाय कोणाला दिसतच नाही. आणि झालं काय सांगू, सरेतल्याच बॉक्स हिल टेकडीवर, 2012 च्या ऑलिंपिकला पुरुषांच्या रेसमध्ये जो चढ नऊ वेळा चढवला होता तोच, तिथे साध्या जर्सीत मी जायचो तेव्हा लोक सरळ बाजूने निघून जायचे. पट्टा दिसल्यावर ओळख असल्यासारखी मान डोलावतात. वरच्या कॅफेत एक गोरे आजोबा स्वतःहून येऊन गिअरबद्दल बोलत बसले. माणूस तोच, पाय तेच, चढताना लागणारी धापही तीच. मला याचा रागही येतो आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटतं, परदेशात कोणीतरी आपल्यातला समजून बोललं की बरं वाटतंच, भले ते कापडाशी बोलत असेना का.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, पडून कपडे फाटले तर राफावाले फुकट शिवून देतात. ठिगळ लावलेली महाग जर्सी घालून फिरणारे लोक मी बघितलेत आणि ते ठिगळ मिरवतात पण, आमच्याकडे ठिगळ लपवायचे.

आता थंडीची लांब बाह्यांची जर्सी हवीये. पूर्ण किमतीला घेणार नाही, नोव्हेंबरात सेल लागतो तेव्हा बघू. बायको म्हणते घ्यायची तर घे, पण गुलाबी नको.