कडी काढली, विचारलं नाही

परवाच्या चेकअपपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. बाथरूमची कडी.

डॉक्टर मॅडमनी मागच्या बाळंतपणाबद्दल विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात निखिल बोलायला लागला. आणि छान बोलला, खोटं कशाला सांगू. मनू झाल्यावर नैराश्याचा त्रास कधी वाढला, किती महिने चालला, कोणती गोळी, केवढा डोस, तो कधी वाढवला, कधी उतरवत आणला, त्याला सगळं पाठ. त्यातले कितीतरी महिने मला स्वतःला धड आठवत नाहीत. मॅडम लिहून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तेव्हा जिवाची काळजी वाटावी असं काही झालं होतं का?" आणि तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो. बाथरूमची आतली कडी मी काढून टाकली होती."

ती कडी मोडली होती, अशीच माझी आजपर्यंत समजूत.

त्या दारावर आतल्या बाजूला स्क्रूची चार भोकं होती, भोवतीचा रंग उडालेला. मी आत गेले की भरलेली बादली दाराला लावून ठेवायचे. बाहेरून कुणी दार ढकललं की बादली फरशीवर घासायची आणि मी ओरडायचे, "आहे मी!" सुतार बोलाव म्हणून निखिलच्या किती मागे लागले असेन. "हो, बघतो" म्हणायचा. आम्ही ते घर सोडलं तरी सुतार आला नाही.

येताना गाडीत मी काही बोलले नाही. मनूला झोपवलं आणि मग रडू आलं. त्या दिवसांत माझं असं उरलंच काय होतं? अंग माझं नव्हतं, झोप माझी नव्हती, कपाटातले कपडेसुद्धा मला होत नव्हते. दार लावून नळ सोडून रडायचं, तेवढा वेळ माझा होता. आता कळतंय की त्या वेळेवरही कुणाचा तरी कान होता. मला न सांगता माझ्यावर पहारा होता. मी बादली लावून बसायचे आणि तो ती बादली बघायचा, रोज. त्याला काय वाटत असेल, हा विचार पहिल्या रात्री आलाच नाही. पहिल्या रात्री फक्त, मला का नाही सांगितलं, मला का नाही विचारलं.

तो चुकला होता का, हे लिहिताना हात अडखळतोय. नव्हता चुकला. त्यापुढचं आज लिहीत नाही.

पण विचारायला काय झालं होतं? स्क्रू काढायला हात धजावला आणि एक प्रश्न विचारायला जीभ धजावली नाही?

विचारणारं माणूस कसं असतं ते मी पाहिलंय, म्हणून हे इतकं लागतंय. गेल्या खेपेला, बऱ्याच उशिरा, मला एडिंबरा स्केलचा फॉर्म दिला होता. १९८७ सालचा आहे तो, बाळंतिणींमधलं नैराश्य ओळखायला खास केलेला, आता गरोदरपणातही वापरतात. दहा साधे प्रश्न, सगळे गेल्या सात दिवसांबद्दल: हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, विनाकारण धास्ती वाटते का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त तीस. तेरा किंवा त्याच्या वर गेलं की नीट तपासणी करायला हवी असं साधारण धरतात, काही ठिकाणी दहापासूनच. त्या आकड्याने निदान होत नाही, पुढे बोलायला हवं एवढंच त्यातून कळतं. दहावा प्रश्न मात्र वेगळा. स्वतःला इजा करण्याचा विचार आला का? बाकीची बेरीज कितीही कमी असो, इथे "कधीच नाही" सोडून दुसऱ्या कशावर खूण दिसली की समोरच्याने तिथे थांबायचं असतं.

त्या डॉक्टर थांबल्या. फॉर्म उलटा करून टेबलावर ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" इतक्या सरळ. आवाज न चोरता. मला आजही सांगता येत नाही की त्या प्रश्नाने किती बरं वाटलं. तोवर सगळे मला जपून बोलत होते, माझ्यासमोर विषय बदलत होते, आणि मी माझ्याच घरात एका गोष्टीवर बसून होते. तिने ती गोष्ट विचारली आणि खोलीत काहीही कोसळलं नाही. उत्तर दिलं तेव्हा ती दचकली नाही. पुढचं विचारलं: कधी येतो विचार, काही ठरवलंय का, रात्री घरी कोण असतं. तिथून मी सावरायला लागले, गोळीच्या आधीपासून.

काल रात्री शेवटी निखिलला विचारलंच. "मला का नाही विचारलंस?" तो बराच वेळ मनूच्या खेळण्यातले ठोकळे रंगांप्रमाणे लावत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या डोक्यात नसतं आणि माझ्या विचारण्याने आलं असतं तर?"

म्हणजे इतके महिने तो हे घेऊन फिरत होता.

तसं होत नाही, हे त्याला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं. आत्महत्येबद्दल विचारलं म्हणून तो विचार माणसाच्या मनात पेरला जात नाही. यावर पुष्कळ अभ्यास झालाय. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट अनेकांना मोकळं झाल्यासारखं वाटतं. माझ्यापुरतं तर मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण घराघरात भीती हीच असते. बोललो तर वाढेल. मग लोक कड्या काढतात, गोळ्यांच्या बाटल्या वरच्या फळीवर हलवतात, रात्री दोनदा उठून बघतात आणि सकाळी विचारतात, "बाळ झोपलं का रात्री?"

मग तो म्हणाला, मी आत असले की तो मनूला मांडीवर घेऊन दाराबाहेर जमिनीवर बसायचा. नळाचा आवाज बदलतोय का ते ऐकत. ऑफिसला उशीर व्हायचा, तिथे काहीतरी कारण सांगायचा. त्याला कुणी विचारलं का, तू कसा आहेस? नाही. बाप झालेल्यांपैकीही साधारण दहात एकाला नैराश्य येतं, आणि बायको त्यात असेल तर त्यालाही येण्याची शक्यता वाढते. पण त्याच्या हातात फॉर्म कोण देणार? पहारा म्हणून जे मला परवापासून टोचत होतं, त्याला आता काय म्हणावं कळत नाही. टोचतं अजूनही. पण दाराच्या दोन बाजूंना आम्ही दोघं एकाच वेळी घाबरलेले होतो, आणि मधे ती एक भरलेली बादली, हे डोळ्यांसमोर आलं की मला त्याच्यावर रागावून राहता येत नाही.

आता या खेपेचं बघायला हवं. सातवा लागलाय.

मागच्या वेळी मला वाटायचं, हे बाळ झाल्यावर सुरू झालं. आता मागे वळून बघते तर गरोदरपणातच सुरुवात दिसते. झोप उडालेली, सकाळी उठल्याबरोबर छातीत धडधड, कशातच मन नाही. सगळे म्हणाले, या दिवसांत होतं असं. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे मी इतक्यांदा वाचलेत की तोंडपाठ झालेत: जगभरात गरोदर बायकांपैकी साधारण १० टक्के आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांपैकी १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत १५.६ आणि १९.८. म्हणजे पाचातली एक. प्रसूतीच्या प्रतीक्षालयात मी हल्ली खुर्च्या मोजते आणि बघत बसते, कोण असेल.

मनू झाल्यावरही "होतं असं" हेच. पहिले काही दिवस ते खरंही होतं. वार पडली की इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स काही दिवसांत धाडकन खाली येतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक जणी रडतात, आणि दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप निवळतं. माझं निवळलं नाही. दोन आठवडे उलटल्यावरही "होतं असं" म्हणणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे, की म्हणू नका. तिला दवाखान्यात घेऊन जा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनसुद्धा बघायला सांगा, कारण तिथे बिघाड असला तरी माणूस असंच गळून जातं.

आणि ती चित्रं. जिना उतरताना मनू माझ्या हातातून सुटतेय, तिचं डोकं पायरीवर आपटतंय. हे मला दिवसातून कितीतरी वेळा दिसायचं. मी जिना उतरणं सोडलं. कुणाला सांगितलं नाही, बाळ काढून घेतील म्हणून. फार नंतर काउन्सेलरने सांगितलं की असे नको असलेले विचार नव्या आयांपैकी कितीतरी जणींना येतात, आणि ते आल्यावर आईचा थरकाप उडतो ही खूण आहे की तिला तसं काही करायचं नाहीये. हे मला पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर! यापेक्षा वेगळा आजार म्हणजे प्रसूतीनंतरचा सायकोसिस. हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. झोप लागत नाही आणि झोपेची गरजही वाटत नाही, बोलणं भरकटतं, आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल भलतंच काही खरं वाटायला लागतं. त्यात वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. बायपोलरचा, म्हणजे मन कधी फार चढण्याचा आणि कधी फार खचण्याचा त्रास असेल तर हा धोका कितीतरी जास्त. मला तो नव्हता. पण निखिलला हा फरक माहीत असावा म्हणून काल समजावून सांगितलं.

मदत म्हणजे मोठमोठे डॉक्टरच असं नाही, हेही मला हल्ली फार महत्त्वाचं वाटतं. ग्रामीण पाकिस्तानात गावोगावी फिरणाऱ्या आरोग्य सेविकांना शिकवून त्यांच्याकडून नैराश्यातल्या गरोदर बायकांना घरी जाऊन भेटण्याचा उपक्रम केला होता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात सुरुवात, मग बाळ झाल्यावरही भेटी चालूच, घरच्यांनाही सोबत घेऊन. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या बायकांपैकी २३ टक्के अजून नैराश्यात होत्या, आणि ज्यांना नुसत्या नेहमीच्या भेटी मिळाल्या त्यांच्यापैकी ५३ टक्के. मी तो आकडा वाचून उठून बसले होते. कुणीतरी दारात येऊन बसलं, बाळाचं वजन झाल्यावरही उठलं नाही, आईकडे वळलं.

आज दुपारी आम्ही दोघांनी एक कागद घेतला. रात्रीची एक सलग झोप माझी, त्या वेळचं बाळ निखिलकडे, दूध आधी काढून ठेवायचं. यावर दोघांचं लगेच एकमत. गोळीबद्दल माझा कल चालू ठेवण्याकडे आहे. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध अंगावरच्या दुधात फार थोडं उतरतं, म्हणून पाजणाऱ्या आयांना बरेचदा तेच देतात, आणि आपल्या मनाने एकदम बंद करणं तर अगदीच वाईट. निखिलला गरोदरपणात कुठलीच गोळी नको वाटते. त्याला म्हटलं, आजाराचंही बाळाला काही सोसावं लागतं, ते का मोजत नाहीस? ते मॅडमसमोर बोलू. फॉर्म मी दर पंधरवड्याला भरणार, आणि तोही भरणार, स्वतःचा.

मग माझी अट. मनात आलं तर विचारायचं. त्याच शब्दांत, जसं त्या डॉक्टरांनी विचारलं तसं. त्याने एकदा म्हणून बघितलं, आवाज फुटेना, मग पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, आत्ता नाही वाटत. आणि खरंच नाही वाटत.

"आणि तू नाही म्हणालीस, पण मला पटलं नाही तर?"

यावर मी खूप विचार केला. मग म्हटलं, तर मॅडमना फोन कर. मला सांगून कर, पण कर. त्याने तेही लिहून घेतलं, खाली नंबर लिहिला. पहिल्या महिन्यात मावशी राहायला येणार आहे, तिलाही हा कागद दाखवायचा का, असं त्याने विचारलं. मला वाटतं दाखवावा. त्याला वाटतं ती घाबरेल. उद्या पुन्हा बोलू.