स्ट्रिपरमधली चिक्की

लोट्याला (कोकणातल्या केमिकल एमआयडीसीत) होतो तेव्हाची गोष्ट. जून संपत आलेला, पाऊस असा की रेनकोट घालूनही प्लांटमध्ये भिजायचंच. आमच्याकडे अमोनिया स्ट्रिपर होता, म्हणजे सांडपाण्यातला अमोनिया वाफेने उडवून काढायचा कॉलम. ९०० मिमी व्यास, आत तीन-तीन मीटरचे दोन बेड (थर), त्यात २५ मिमीच्या पीपीच्या, म्हणजे पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकच्या, पॉल रिंगा (पाणी आणि वाफ नीट भिडावी म्हणून भरतात त्या पोकळ कड्या, हेच पॅकिंग). खालून वाफ, वरून कॉस्टिक घालून पीएच ११ ला आणलेलं पाणी (चुना स्वस्त पडतो, पण त्याचा पॅकिंगवर असा थर बसतो की कॉलमचा दगडच होतो). बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिकल नायट्रोजन लिटरला ५० मिग्रॅच्या आत हवा, आमचा ३५-४० यायचा, आणि त्या सोमवारी सकाळी लॅबचा फोन, ३१० आलाय.

पहिला संशय अर्थातच लॅबवर. परत सॅम्पल दिलं, ३२०. पीएच मीटर बफरमध्ये बुडवून बघितला, बरोबर. फीड, म्हणजे आत जाणारं पाणी, नेहमीच्या ताशी ६ क्यूबिक मीटरवर नेलं की कॉलम वरून ओकायला लागायचा, ४ वर आणलं की गप्प. कोणीतरी म्हणालं फोमिंग आहे, अँटिफोम टाका, टाकलं, अख्खा कॅन संपला, फरक शून्य. डीपी ट्रान्समीटर (कॉलमच्या खालच्या-वरच्या प्रेशरमधला फरक दाखवणारं यंत्र) जास्त दाखवत होता, सर म्हणाले तो वर चिकटलाय, त्याची इम्पल्स लाइन (प्रेशर पोचवणारी बारीक नळी) चोक असणार. लाइन फुंकून घेतली तरी आकडा तोच.

गॅमा किरणांनी स्कॅन करून घ्यावा असं माझ्या मनात होतं, वाशीचे ब्रिटवाले (अणुऊर्जा खात्याची संस्था) करतात, चालू कॉलममध्ये पाणी कुठे साचलंय ते बाहेरूनच कळतं. पण एवढ्याशा कॉलमला कोण खर्च मंजूर करणार! मग पारदर्शक नळी आणली, यू करून त्यात निळं पाणी भरलं, म्हणजे प्रेशरचा फरक मोजता येतो, आणि आधी वरच्या बेडला लावली, ४० मिमी, एकदम नॉर्मल. खालच्या बेडला लावली तर पाणी सरळ चारशेच्या वर चढलं. ट्रान्समीटर दोन्ही बेडचा मिळून एकच आकडा दाखवत होता, त्यामुळे इतका वेळ कळतच नव्हतं की भानगड फक्त खाली आहे.

बंद केला. थंड करणं, फ्लशिंग, स्टीम लाइनला ब्लाइंड (वाट बंद करणारी चकती), ब्लोअर, परमिट, ऑक्सिजन २०.९, अमोनिया २५ पीपीएमच्या खाली, ह्यात दीड दिवस गेला. खालच्या बेडच्या सपोर्ट ग्रिडच्या (रिंगा टेकतात त्या जाळीच्या) वरचा हँडहोल उघडून २४ व्होल्टचा दिवा आत धरला तर रिंगा दिसेचनात. पांढरा पिवळसर एकसंध गोळा, मधेमधे रिंगेच्या कडा. फिटर म्हणाला, "साहेब, ही तर चिक्की झालीय." त्याच बेडच्या वरच्या मॅनहोलमधून बघितलं तर बेड दीड हात खाली बसलेला. पहारीने फोडून गोणीत भरायला दोन शिफ्ट लागल्या, आणि वरच्या बेडच्या रिंगा मात्र नव्यासारख्या.

पीपी वितळतं १६० च्या पुढे, आणि आमची स्टीम साडेतीन किलो प्रेशरची, साधारण १४८ डिग्री, कॉलममध्ये शिरताना प्रेशर पडून १३० वगैरे. वितळायला कमीच, पण त्या तापमानाला पीपी मऊ पडतं आणि वर तीन मीटर रिंगांचं ओझं. एरवी वरून पाणी पडत असतं म्हणून आतली वाफ १०० च्या आसपास राहते. म्हणजे पाणी कधीतरी थांबलं असणार. शनिवारचा ट्रेंड (कंट्रोल रूममधला ग्राफ) काढला तर पहाटे २:४० ला फीड शून्य, ३५ मिनिटं, आणि स्टीम तशीच चालू. लॉगबुकात एकच ओळ, "पंप ट्रिप, स्टँडबाय घेतला."

त्या रात्री ड्यूटीवर ऑपरेटर मामा होते, वीस वर्षं ह्याच एरियात. त्यांना मेमो द्यायचं चाललं होतं. मी विचारलं, मामा, स्टीम का नाही बंद केली? म्हणाले, "साहेब, एकटा माणूस, तिकडे रिअॅक्टर चार्जिंगला (माल भरायला) लागलेला, पंपात हवा अडकून एअरलॉक, मी पंपापाशी की वरच्या वॉल्व्हवर?"

मी कपाटातून दीड वर्षापूर्वीच्या हॅझॉपची (काय काय बिघडू शकतं ते बसून तपासायची मीटिंग) फाईल काढली. फीड बंद पडल्यास काय, ह्यापुढे लिहिलेलं होतं, "ऑपरेटर स्टीम बंद करेल." खाली सही माझी. स्टीमवर कंट्रोल वॉल्व्ह तेव्हाही होता, फीड कमी झालं की तो मिटवायचं लॉजिक म्हणजे डीसीएसमध्ये (प्लांट चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) अर्ध्या तासाचं काम, पण मीटिंग लांबली होती आणि सगळ्यांना जेवायला जायचं होतं. फाईल सरांपुढे ठेवली. ते बराच वेळ ते पान बघत बसले. मेमोचा विषय नंतर निघाला नाही.

खालच्या बेडला एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) रिंगा टाकल्या, लॉजिक केलं, आणि चालू करताना मुद्दाम फीड पंप बंद करून बघितला. दहा सेकंदांत फुस्स करून स्टीमचा वॉल्व्ह मिटला. मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "आता पंपाकडे सावकाश जाता येईल."

चिक्कीचा एक तुकडा मी टेबलवर ठेवलाय, अजून पेपरवेट म्हणून वापरतो.