पान अकरा

मंगळवार, रात्री पावणेबारा

शिक्षकांच्या पुस्तिकेचा खर्डा काम देणाऱ्यांकडून आज तिसऱ्यांदा परत आला. एकूण ३२ पानं. पान अकरावर 'जात' हा शब्द सात ठिकाणी खोडलाय. त्याच्या जागी कुठे 'सामाजिक पार्श्वभूमी', कुठे 'वंचित घटक', एका ठिकाणी नुसतंच 'विविधता'. सोबत दोन ओळींचा निरोप: शिक्षक दुखावले जाऊ नयेत, भाषा सकारात्मक ठेवा, शुक्रवारपर्यंत पाठवा.

नऊ वर्षं झाली मी हे काम करते. शिक्षकांसाठी लिहिते. प्रशिक्षणाच्या पुस्तिका, केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत वाटायची चार पानी टिपणं, कधी इंग्रजी साहित्याचं मराठीकरण. नोकरी नाही, जसं काम येईल तशी बोलणी. मागच्या एका कामाचे पैसे पाच महिन्यांनी हातात पडले, तेही तीनदा फोन केल्यावर. ते सोसता येतं. आजचं सोसवेना, म्हणून दिवा चालू आहे.

पान अकरा कुठून आलं ते लिहून ठेवते.

गेल्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत, पाचवीच्या वर्गात मागे बसले होते. सर मनापासून शिकवणारे. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं गावातच राहावीत, हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू व्हावं, म्हणून पंचायत समितीत खेटे घालणारे. तास चालू असताना फोन आला, जातवार पटसंख्या लगेच हवी. सरांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "चला, एस्सीवाले हात वर करा." पाच हात. "व्हीजेएनटी?" भटक्या-विमुक्तांचे चार, त्यातला एक कोपरातच वाकलेला. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर करण्याआधी शेजारणीच्या वहीवर ठेवलेली आपली पट्टी उचलून घेतली. मग हात वर केला. सगळं मिळून मिनिटसुद्धा गेलं नसेल. सर परत अपूर्णांकांकडे वळले.

ती पट्टी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दोघी मिळून समास आखत होत्या. हात वर झाल्यावर शेजारीण काय करेल याचा अंदाज दहा वर्षांच्या मुलीनं आधीच बांधला होता.

मधल्या सुट्टीत सरांशी बोलले. ते गोरेमोरे झाले. "ताई, रजिस्टरात सगळं आहे हो. घाईत विचारलं. पंधरा वर्षं असंच विचारतोय, कुणी कधी काही बोललं नाही."

पान अकरावर मी उपदेश लिहिलेलाच नाही. साडेदहाला शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत कुठल्या वेळी काय करायचं, एवढंच लिहिलंय. प्रवर्ग रजिस्टरात पाहायचा, मुलांना विचारायचा नाही. शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचायची नाही, पालकांना बोलावून सांगायचं. वर्ग झाडायची आणि पाणी भरायची पाळी हजेरी क्रमांकानं लावायची, 'तू ये रे' म्हणून नाही. असल्या बारीकसारीक गोष्टींनी काय होतं, असं म्हणणाऱ्यांना मी गणवेशाचं उदाहरण देते. मोफत गणवेश सगळ्या मुलींना मिळायचा. मुलग्यांत मात्र अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्यांनाच. बाकीचे बघत बसायचे, आणि वाटपाच्या दिवशी आपण कुठल्या बाजूचे हे पहिलीतल्या पोरालाही कळायचं. २०२३ पासून गणवेश सरसकट सगळ्यांना झाला आणि वर्गाचे ते दोन भाग पडणं थांबलं. त्यासाठी कुणाचं मन आधी बदलावं लागलं नाही.

मला या नऊ वर्षांत एक गोष्ट कळलीय. मुलाची जात वर्गात काढायची नाही, पण जातीबद्दल वर्गात बोलायचं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. मुलाची जात हात वर करून मोजायची, आणि समतेचा धडा आला की अळीमिळी गुपचिळी. संविधानाच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली, हे 'सामाजिक पार्श्वभूमी' असे शब्द वापरून शिकवायचं कसं? पट्टीवाली मुलगी विचारील, कसली पार्श्वभूमी? आणि तिला उत्तर आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल.

जातीचं नाव गाळावं असं मलाही वाटतं, तेही प्रामाणिकपणे लिहिते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पत्ता सांगितला की जात कळावी, हे संपायलाच हवं. पण पाटी बदलली तरी वस्ती गावाच्या कडेलाच का, हे पोरगं विचारणारच. तेव्हा शिक्षकाकडे शब्द हवा. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी, जेमतेम चौदा वर्षांची. मांग-महारांचं दुःख तिनं जातींची नावं घेऊन मांडलं. डोक्यावर छप्पर नसताना पावसावाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल लिहिले. तिच्या निबंधात 'वंचित घटक' घालून पाहिलं, तर बाईही जाते, पाऊसही जातो आणि बाळंतपणही.

माझ्या हातून झालेली चूकही इथे लिहायला हवी, कारण त्या चुकीमुळेच मी शब्दांपेक्षा कृतींना जास्त भिते. अमेरिकेत शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक कृती घेतात. सगळे एका रेषेत उभे राहतात. घरात पुस्तकं होती त्यांनी एक पाऊल पुढे, कुणी हिणवलं असेल त्यांनी एक पाऊल मागे, असं करत कुणाला जन्मानं काय मिळालं ते दिसतं. पाच वर्षांपूर्वी मी ती जशीच्या तशी मराठीत आणली आणि चाळीस शिक्षकांबरोबर करून पाहिली. जातीमुळे भाड्याचं घर नाकारलं गेलं त्यांनी मागे, असं मी वाचलं, तेव्हा एक बाई भिंतीपर्यंत पोचल्या होत्या. पाण्याच्या जारशेजारी, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मागे सरकायला जागा नव्हती. पुढचे वळून बघत होते.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, यांना माहीतच होतं सगळं. आज मला उभं राहून दाखवावं लागलं, एवढंच."

ती कृती मी पुन्हा कुठल्याच पुस्तिकेत घातली नाही. ज्या देशात ती घडली तिथे तिचा उपयोग होत असेल. आपल्याकडे आडनाव ऐकलं की माणसं रेषेवर कोण कुठे ते मनात लावून मोकळी होतात. आणखी दाखवायची गरज नसते.

संध्याकाळी बीडच्या सरांना फोन केला, सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, शब्द राहू द्या. पण एक अडचण आहे बघा. परवा वर्गात जातीवर बोललो. चांगली चर्चा झाली. शेवटी एका पोरानं विचारलं, सर, तुमची कोणती? सांगितली तर पोरं आपल्यातले-परके मोजणार. नाही सांगितली तर म्हणणार, सरसुद्धा लपवतात. याचं उत्तर लिहा ना तेवढं."

मी पटकन म्हणाले, सांगा. जातीमुळे तुम्हाला काय आपोआप मिळालं, विहिरीवर, मंदिरात, लग्नाच्या पंगतीत तुम्हाला कुणी कधी का अडवलं नाही, तेही सांगा. फोन ठेवला आणि भिंतीला टेकलेल्या त्या बाई आठवल्या. हाच प्रश्न त्यांच्या वर्गात आला तर? सरांना जे सांगायला सांगितलं, ते त्यांच्यावर लादायचा मला अधिकार नाही. एकाच पानावर दोघांना एकच सूचना देऊन चालणार नाही.

सातही ठिकाणी 'जात' परत लिहिलं. निरोपाच्या उत्तरात प्रत्येक जागेचं कारण दिलं आणि ते आत्ताच पाठवून टाकलं. 'सर, तुमची कोणती?' या प्रश्नाचं उत्तर मात्र कच्चंच आहे. त्या बाईंचा नंबर अजून माझ्याकडे आहे. त्या पान अकरा वाचायला तयार होतील का, हे उद्या विचारते. तयार झाल्या तर माझ्या मानधनातला वाटा त्यांना द्यायचा, फुकटात आणखी एकदा काही मागायचं नाही. सकाळी दहाच्या आत फोन करायला हवा, नंतर त्या वर्गावर असतील.