रिपोर्ट नॉर्मल, पण छातीतला ठोका चुकायचा तो चुकायचाच

लातूरला मोंढ्यात आडतीवर हिशेबाचं काम बघतो मी, वय 41. सोयाबीनची आवक वाढली की रात्री उशिरापर्यंत शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करत बसावं लागतं आणि नेमकं त्याच सीझनला हे चालू झालं. बसल्या जागी छातीत एकदम धस्स व्हायचं, एक ठोका गायब आणि मग एक जोराचा ठोका पार गळ्यापर्यंत. दुखायचं अजिबात नाही. पण झालं की पेन खाली, बोटं नाडीवर, आणि समोर शेतकरी पट्टीसाठी ताटकळत उभा.

घरचं निदान ठरलेलं, गॅस! ओवा झाला, काळं मीठ झालं, मायनं मीठमोहऱ्यानं दृष्ट पण काढली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं पित्ताची गोळी दिली, तिनं जळजळ गेली, ठोका तसाच. इसीजी नॉर्मल. मग हार्टवाल्याकडं गेलो, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ती पण नॉर्मल. टीएमटीत त्या फिरत्या पट्ट्यावर चालवतेत, दर 3 मिनिटाला स्पीड आणि चढ वाढतो, 220 मधून वय वजा करायचं आणि त्याच्या 85 टक्क्यापर्यंत ठोके न्यायचे, म्हणजे माझे मिनिटाला 152. घामाघूम झालो पण तेवढ्या वेळात ठोका एकदाबी चुकला नाही. डॉक्टर म्हणले सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.

आता असं म्हणल्यानं कुणाचं टेन्शन गेलंय का? रिपोर्ट हातात आला की थोडे दिवस बरं वाटायचं, परत धस्स झालं की वाटायचं मशीनलाच काही दिसलं नसंल. मेहुणा तर म्हणला, दाजी, अँजिओग्राफीच करून टाका, मोकळं व्हा. डॉक्टरला विचारलं तर त्यांनी सरळ नाही म्हणलं, तुमच्या तक्रारीला तिची गरज नाही. मग मी म्हणलो, ठीक आहे साहेब, हार्ट चांगलंय, पण मग हे होतंय काय? तेव्हा ते जरा निवांत बोलले. साध्या इसीजीच्या कागदावर 10 सेकंदाचेच ठोके असतेत म्हणे, तेवढ्यात झालं तर सापडणार. मग होल्टर, म्हणजे दिवसभर इसीजी काढत राहणारं मशीन, लावायचं ठरलं.

छातीवरचे केस काढून स्टिकर चिकटवले, वायरी, कमरेला छोटं मशीन, 24 तास अंघोळ बंद. आणि जेव्हा जेव्हा जाणवंल तेव्हा टाइम लिहून ठेवायचा. वही लिहिणं तर आपलं रोजचंच काम. सकाळी 11.20, चहानंतर. दुपारी 4.05, काटा चालू असताना. रात्री 10.45, डाव्या कुशीवर.

डॉक्टरनं वही शेजारी ठेवून स्क्रीनवर तेच टाइम काढले. 11.20 ला एक ठोका वेळेच्या आधीच आलेला, वेगळ्याच आकाराचा, आणि त्याच्यामागं मोकळी जागा. 4.05 ला तेच. दिवसाच्या लाखभर ठोक्यांत असे तीनेकशे. तो आधी आलेला ठोका हलका असतो, कळत नाही, त्याच्यानंतर हृदय जरा थांबतं, तेवढ्यात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा जोरात बसतो. म्हणजे मला जो गायब वाटायचा तो आधीच येऊन गेलेला असायचा. चांगल्या हृदयातबी असे ठोके येतेत, त्याला एक्टोपिक म्हणतेत. थायरॉईड, हिमोग्लोबिन, पोटॅशियम बघून घेतलं, तेबी बरोबर निघालं.

मला खरा फरक पडला तो वहीतला टाइम आणि स्क्रीनवरचा ठोका एकाला एक जुळला तेव्हा. नुसत्या नॉर्मल शब्दानं ते झालं नव्हतं.

लई त्रास झाला तर गोळी आहे म्हणले, मी घेतली नाही. चहा कमी केला (मोंढ्यात हे लई अवघड, पोरगं न विचारता कप ठेवून जातं), झोप वाढवली. अजूनबी कधीमधी होतं, पण काम थांबत नाही. चक्कर आली, शुद्ध गेली, चालताना छाती भरून आली किंवा छातीत दुखून घाम फुटला तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा, एवढं बजावून सांगितलंय. आणि ज्यांना हे रोज होत नाही त्यांनी डॉक्टरला जास्त दिवसाच्या होल्टरचं विचारा, 24 तासाचं रिकामंच निघू शकतं.