ओझोन द्यायचा, पण खाद्याच्या हिशोबानं

धरण उशाला असताना हा टाकीत मासे पाळतोय, म्हणून गाव हसलं होतं. उजनीची चिलापी भिगवणच्या बाजारात रोज येते हे मलाही ठाऊक होतं. तरी शेडमध्ये दहा-दहा हजार लिटरच्या चार टाक्या बसवल्या. तेच पाणी गाळून पुन्हा फिरवायचं, आरएएस म्हणतात ते.

चौथ्या महिन्यात पाणी कडक चहासारखं झालं. ड्रम फिल्टर मोठी घाण पकडतो, बारीक कण मात्र जाळीतून निसटून फिरत राहतात. माशांच्या घाणीतून तयार होणारं विषारी नायट्राइट चढलं, मासे खाद्य सोडायला लागले. ओझोन वायू बनवणारं मशीन विकणारा म्हणाला, "ओझोन लावा, जंतू मरतील." अर्धसत्य होतं ते. आमच्या पाण्यात एवढी घाण की ओझोन तीच खाण्यात संपतो. जंतू मारायला पुढं फारसा उरत नाही. त्याचा खरा उपयोग वेगळाच निघाला. बारीक कण एकमेकांना चिकटून जाळीत अडकतात, पाण्याचा रंग तुटतो आणि नायट्राइटचं कमी घातक नायट्रेट होतं. आठवड्यात टाकीचा तळ दिसला. बायकोनंच आधी पाहिला.

माप खाद्यावर ठरतं. एक किलो खाद्यामागे साधारण 15 ग्रॅम ओझोन. माझं रोजचं खाद्य 20 किलो, म्हणजे दिवसाला 300 ग्रॅम, तासाला साडेबारा. पाण्यातला ओझोनचा जोर दाखवणारा ओआरपी मीटर घ्यायला सांगितलं होतं, तो मी पुढच्या हप्त्यावर ढकलला.

मग गाडी यायची होती. पाठवायच्या आधी मासे एक दिवस उपाशी ठेवतात, तसे ठेवले. ओझोन मात्र तासाला साडेबारा ग्रॅमनं चालूच! खाद्य नाही म्हणजे घाण कमी, मग उरलेला ओझोन थेट माशांवर. पहाटे मासे वर येऊन तोंड मारत होते. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा डीओ मीटर 6, म्हणजे पुरेसा, दाखवत होता, तरी मी हवा सोडणारा ब्लोअरच तपासत बसलो. अर्धा तास त्यातच गेला. तोवर शेडमध्ये ओझोनचा वास भरलेला, घसा खवखवत होता. तेव्हा कुठं ट्यूब पेटली. मशीन बंद केलं. ओझोन काही मिनिटांतच विरतो, पण जळलेले कल्ले सावरत नाहीत. पुढचे चार दिवस मेलेले मासे काढत होतो. गाडी रिकामी परत गेली.

आता ओआरपी 300 मिलिव्होल्टवर गेला की मशीन आपोआप थांबतं. मीटरच्या पाण्यात बुडणाऱ्या प्रोबवर शेवाळी थर बसला तर तो खोटं बोलतो, म्हणून दर सोमवारी पुसतो. साध्या रबरी नळ्या ओझोननं तडकल्या. त्या काढून टेफ्लॉनच्या घातल्या, तेव्हा शेडमधला वास थांबला.

मागच्या महिन्यात मशीन चार दिवस दुरुस्तीला गेलं, तर नायट्राइट झपाट्यानं वर. इतके दिवस नायट्राइट मोडायचं काम ओझोनच करत होता. ज्यांचं ते काम, ते बायोफिल्टरमधले जीवाणू आयत्या बिळावरच्या नागोबासारखे बसलेले. खाद्य निम्मं केलं आणि एक पोतं खडेमीठ विरघळवून टाक्यांत सोडलं, मिठानं नायट्राइट माशाच्या रक्तात कमी शिरतं म्हणून. वाण्यानं विचारलं, "एवढ्या कैऱ्या कुठनं आणल्या?"